थाळी सांगावी की स्टार्टर

धाराशिवला फिरायला चालले म्हटल्यावर आमच्या नागपूरच्या शेजारणीने डोळे मोठे केले. "तुळजापूरला दर्शनाला का?" मी म्हटलं, नाही. "मग काय आहे बाप्पा तिथं? लोक सुट्टीत महाबळेश्वरला जातात, गोव्याला जातात." मी म्हटलं, लेणी आहेत, किल्ला आहे, तेर नावाचं फार जुनं गाव आहे. हे सगळं खरंच होतं. तीन दिवस राहून आले आणि ज्यांनी तो जिल्हा पाहिला नाही त्यांना सांगते, जरूर जा, जानेवारीत जा, तेव्हा हुरडा असतो. पण मी गेले ती त्यासाठी नव्हे.

खरी गोष्ट अशी. माझी मुलगी प्रज्ञा पुण्यात नोकरी करते. तिच्या ऑफिसातला महेश हा जळकोटचा. नळदुर्गाच्या पुढे हायवेवर ते गाव आहे. घर लिंगायत, वडिलांचं किराणा दुकान. आम्ही बौद्ध; माझ्या आजोबांनी छप्पन साली नागपुरातच दीक्षा घेतली. दोघांना लग्न करायचं आहे. महेशने घरी सांगितलं, घरात महिनाभर अबोला झाला, आणि मग त्याची आई म्हणाली, "एकदा बघते तर खरं." घरी या असं बोलावणं काही आलं नाही. जळकोटजवळच्या एका हॉटेलात जेवायला भेटायचं ठरलं. वारही तिकडूनच कळवला, सोमवार. प्रज्ञा म्हणाली, "आई, नुसतं भेटायला म्हणून गेलो तर तू आठ दिवस आधीच आजारी पडशील. आपण ट्रिप काढू. शनिवार-रविवार फिरू, सोमवारी जेवण."

आमच्या ह्यांना म्हटलं, तुम्हीही चला. ते म्हणाले, "मी आलो तर भांडण होईल. तूच जा. तू भित्री आहेस, भित्रं माणूस नीट बघतं." सगळी नोकरी मी शाळेत शिकवण्यात घालवली. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी असा माझा दरारा होता. पण घरच्यांना माहीत आहे की मी ओरडते ती बहुतेक वेळा घाबरलेली असते म्हणूनच.

शनिवार : येडशी

महेश मित्राची गाडी घेऊन धाराशिव स्टेशनवर आला होता. उंच, सावळा, कपाळावर भस्माची बारीक बोटं. वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, "राहू दे, राहू दे," आणि मनात म्हटलं, पोरगा बरा आहे, म्हणजे काळजी आणखी वाढली. वाईट असता तर सरळ परत तिकीट काढलं असतं.

सामान लॉजवर टाकून आम्ही येडशीला गेलो. तिथून जरा आत जंगलात रामलिंगाचं देऊळ आहे. आमच्या विदर्भातली जंगलं सपाट, सागाची. इथे गाडी चालता चालता एकदम जमीन खाली जाते आणि पायऱ्या उतरत दरीत जावं लागतं. खाली नदी देवळाला वळसा घालून जाते. जानेवारीत पाणी म्हणजे दगडांमधून वाहणारी दोन-चार ओंजळी. मोर ओरडत होते. आणि माकडं! पायऱ्यांवर, कठड्यांवर, देवळाच्या शिखरावर.

वाटेत खव्याचे पेढे घेतले होते. हा जिल्हा खव्याचा. त्या पेढ्यांना साखरेपेक्षा दुधाची चव जास्त. अर्ध्या किलोचा पुडा माझ्या पर्समध्ये. महेश दोनदा म्हणाला, "काकू, पर्स माझ्याकडं द्या." मी दिली नाही. तिसऱ्या वळणावर एक लठ्ठ माकडीण पिल्लू पोटाशी धरून समोर आली आणि शांतपणे माझ्या पर्सचा पट्टा धरून उभी राहिली. मी इतकी जोरात किंचाळले की वरच्या पायरीवरचे एक आजोबा खाली बसले. "सोडा बाई, सोडा! ती काय तुमचं आधार कार्ड घेत न्हाय!" ते ओरडले. पेढे गेले. चष्म्याचं घरही गेलं. प्रज्ञा पोट धरून हसत होती, महेश हसू दाबत होता, आणि मी दोघांशी तासभर बोलले नाही.

माझी भीती माकडांची नव्हतीच म्हणा. महेश घरच्यांबद्दल बोलायचा तेव्हा आईबद्दल भरपूर बोलायचा. तिचं नाव शिवकांता, ती भाकरी कशी थापते, शेंगदाण्याची चटणी कशी कुटते. वडिलांचं नाव निघालं की गिअर बदलायचा. सोमवारी तेही येणार ना, असं मी दोनदा विचारलं. "बघू काकू, दुकान असतं," म्हणाला. पोरांना खोटं बोलता येत नसलं की मला कळतं, तो धंदाच होता माझा.

रविवार : तेर

तेरला जायचा रस्ता ढोकीवरून. साखर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडलेला; एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, आणि गाणी एवढ्या मोठ्याने की ट्रॅक्टरचा आवाज ऐकू येऊ नये. आमच्याकडे संत्र्यांचे ट्रक जातात ते बिचारे मुके.

तेर मात्र प्रत्येकाने पाहावं. तेरणा नदीकाठचं साधं गाव, पण नांगरताना अजून मणी सापडतात म्हणतात. एकेकाळी इथला माल समुद्रापार जात होता. विटांचं एक जुनं देऊळ आहे, पाठीमागून गोल. आता आत विष्णूची मूर्ती आहे; जाणकार सांगतात की मूळचं ते बौद्धांचं चैत्यगृह. मी बाहेरून फिरून त्या गोल भिंतीपाशी गेले आणि विटांवर हात ठेवला. उन्हाने कोमट झाल्या होत्या. मला रडू आलं, का ते विचारू नका. प्रज्ञाने फोटो काढला, त्यात मी शिंक आल्यासारखी दिसते.

परतताना एका शेतात हुरड्याचा धूर दिसला. महेशची ओळख होती, तो गाडी सावलीत लावायला गेला आणि आम्ही दोघी बांधावरून आत शिरलो. एक आजी गोवऱ्यांच्या आगटीपाशी बसून कणसं भाजत होती. भाजलेलं कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारून फोलपटं उडवायची, आणि हिरवे दाणे थेट आपल्या ओंजळीत. चटणी, गूळ. तिच्या हातातून माझ्या हातात. ताट नाही, वाटी नाही. मी आयुष्यात इतकं चवदार काही खाल्लं नाही.

"कुठल्या म्हनायच्या तुमी?"

"नागपूरच्या."

"ते झालं. आडनाव?"

हा प्रश्न आला की मी आधी विचारणाऱ्याचा चेहरा बघते, साठी जवळ आली तरी. मी म्हटलं, "रामटेके." आजी विचारात पडली. आमच्याकडे हे आडनाव ऐकलं की शेंबडं पोरही ओळखतं. पण मराठवाड्यात विदर्भातली आडनावं कुणाला माहीत? "रामटेके," ती स्वतःशी म्हणाली. "बामन का?"

आणि मी गप्प बसले. खरं सांगते, गप्प बसले. हुरडा गरम होता आणि माझी ओंजळ भरलेली होती.

"नाही आजी," प्रज्ञा म्हणाली, "आम्ही बौद्ध."

आजीचा चोळणारा हात थांबला. एवढासा, एक श्वास घ्यायला लागतो तेवढा. मग परत चोळायला लागली. "आसं व्हय. आमच्या शेजारचं शेत त्यांचंच हाय." नवं कणीस चोळून तिने प्रज्ञाच्या हातात टाकलं. "खा, निवंल."

प्रज्ञाने खाल्लं, आणखी मागितलं. मला पुढचा एकही दाणा गिळवला नाही. तो थांबलेला हातच मला दिसत होता, आणि माझं गप्प बसणं. मुलांना आयुष्यभर शिकवलं की खरं बोला, आणि मी?

लॉजवर आल्यावर मी चहा पिता पिता विषय काढला. "उद्या थाळी सांगायची."

"कशाला? तिथले स्टार्टर छान असतात म्हणे. मध्ये ठेवू, सगळे घेऊ, गप्पा होतील."

"थाळीच सांगायची. मी सांगते म्हणून."

प्रज्ञाने कप ठेवला. "काहून पण?"

मग मला सांगावं लागलं. थाळीत कसं, प्रत्येकाचं आपापलं ताट. कोण कुणाच्या हातचं खातं, कोण नाही, काही कळायचं काम नाही. हसून बोलायचं, जेवायचं, उठायचं. पण स्टार्टर म्हणजे मधली प्लेट. आपण त्यातलं उचललं आणि नंतर त्या बाईने हात मागे घेतला, तर? तुझ्या डोळ्यांदेखत? मला ते पाहवणार नाही.

तिने उरलेला चहा संपवला. मग म्हणाली, "आई, म्हणूनच तर स्टार्टर सांगायचे. हात मागे घेणार असतील तर उद्याच घेऊ देत. लग्न झाल्यावर त्यांच्या स्वयंपाकघरात कळण्यापेक्षा हॉटेलात कळलेलं काय वाईट?" आणि तिने सरळच सांगितलं, "त्यांनी आपल्या ताटातलं खाल्लं नाही तर मी महेशला नाही म्हणेन. मी त्याला तसं सांगितलंय."

म्हणजे माझ्या पोरीचं लग्न एका प्लेट कबाबावर येऊन ठेपलं होतं. बाप्पा रे! मी दिवा घालवून पडले, पण झोप कसली येते.

सोमवार : नळदुर्ग आणि पुढे

सकाळी किल्ला पाहिला. नळदुर्ग पाहण्यासारखाच आहे, नाही म्हणणार नाही. नदी अडवून बांध घातला आहे आणि त्या बांधाच्या पोटात महाल. पावसाळ्यात डोक्यावरून पाणी पडतं आणि आत माणूस कोरडा. आम्ही गेलो तेव्हा पाणी खालीच होतं. आत थंडगार, अंधारलेले जिने. खिडकीतून खाली हिरवं पाणी दिसतं. महेश उत्साहाने माहिती देत होता. मला एवढंच आठवतं की मी दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होते. उपली बुरुजाच्या पायऱ्या खूप आहेत. मी निम्म्यात बसले.

एक वाजता हॉटेलात पोचलो. बाहेर शुद्ध शाकाहारी अशी पाटी, आत स्वच्छ टेबलं, भिंतीवर गणपती. शिवकांताबाई आधीच येऊन बसल्या होत्या. एकट्या.

"बाबा?" महेशने विचारलं.

"दुकानात गिऱ्हाईक लई हाय आज," त्या म्हणाल्या. महेश खाली बघायला लागला. येणार होते ते आले नाहीत, म्हणजे काय ते मला कळलं.

बाई माझ्याच वयाच्या, जरा ठेंगण्या, इरकल लुगडं, कपाळाला भस्म, हातभर हिरव्या बांगड्या. आवाज मऊ. "या ताई, लांबून आलासा, तरास झाला आसंल." हात जोडले. मीही जोडले. आमच्या दोघींचे हात जोडलेलेच राहिले, खाली कधी घ्यायचे ते दोघींनाही सुचेना. बसल्यावर वेटरने चार ग्लास पाणी ठेवलं. शिवकांताबाईंनी पिशवीतून घरची बाटली काढली आणि तिच्यातलं पाणी प्यायल्या. मी ते बघितलं. मी भित्री आहे, आणि भित्रं माणूस नीट बघतं.

वेटर म्हणजे पन्नाशीचे, भरघोस मिशांचे गृहस्थ होते, बोलायची मोठी हौस. "काय आणू? आधी स्टाटर का डायरेक थाळी?"

"थाळी," मी म्हटलं.

"स्टार्टर," प्रज्ञा म्हणाली. "एक हराभरा कबाब, एक पनीर टिक्का, मसाला पापड. सगळं मध्येच ठेवा."

आलं. वाफाळतं, कोथिंबीर पेरलेलं, लिंबाच्या फोडी. चौघांच्या मधोमध. महेशने पहिला कबाब उचलला. तो उचलणारच, पुण्यात दोघं रोज एकमेकांच्या डब्यात जेवतात. प्रज्ञाने टिक्का घेतला. मी हात मांडीवर ठेवून बसले. माझं गणित असं की पोरीने घेतलं तर घेतलं, मी आधी हात लावायचा नाही. बाईंनी आधी घेतलं तर मी हात लावल्यावर त्या थांबल्या का, हे कळायचा प्रसंगच येणार नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली. पापड मऊ पडायला लागला. महेशने तेर कसं वाटलं विचारलं, मी म्हटलं छान, प्रज्ञाने माकडाची गोष्ट सांगितली, कुणीतरी हसलं.

मग प्रज्ञाने प्लेट उचलली आणि दोन्ही हातांनी शिवकांताबाईंसमोर धरली. "काकू, घ्या ना."

बाईंनी पदर सारखा केला. "न्हाय गं बाळा. आज सोमवार हाय माझा. उपास."

उपास! माझ्या कानात गरम शिसं पडलं. आमच्या शाळेत एक बाई होत्या, स्वभावाने गोड, अडीअडचणीला धावून येणाऱ्या. मधल्या सुट्टीत सगळ्यांच्या डब्यातलं खायच्या. मी डबा पुढे केला की त्यांचा उपास निघायचा. मंगळवारी मंगळवार, गुरुवारी गुरुवार, आणि काहीच नसलं तर पोट बिघडलेलं. कितीतरी वर्षं मी त्या बाईंशी हसून बोलले आणि रोज डबा पुढे केला. का करत होते ते आजही सांगता यायचं नाही. एक दिवस तरी घेतील असं वाटायचं.

प्रज्ञाचा चेहरा मी पाहिला. ती अजून हसत होती, पण प्लेट हळूहळू खाली येत होती. आणि माझी जीभ सुटली. घाबरले की सुटतेच. "वा," मी म्हटलं, "जेवायला बोलवायचं आणि उपासाचा वार निवडायचा. चांगली पद्धत आहे हो तुमच्याकडे."

"आई!" प्रज्ञा म्हणाली. महेश लाल झाला. शिवकांताबाईंच्या बांगड्या तेवढ्या वाजल्या.

तेवढ्यात आमचे मिशीवाले आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. "उपास हाय का मावशीचा? मंग आधी सांगायचं की! रबडी हाय, एकदम घरच्या दुधाची. उपासाला चालती. आनू का?"

"नगं," शिवकांताबाई घाईने म्हणाल्या. "नगं, नगं."

"आणा," प्रज्ञा म्हणाली. तिचा आवाज बदललेला मला कळला. "एकच मोठी वाटी आणा. आणि चार चमचे."

रबडी आली. जाड सायीची, वर बदामाचे काप. स्टार्टर तसेच पडलेले, आणि गोड आधीच पुढ्यात. असं उलटं जेवण मी पहिल्यांदाच पाहिलं. प्रज्ञाने आपला चमचा वाटीत घातला, खाल्लं, आणि पुन्हा घातला. म्हणजे जुन्या माणसांच्या हिशेबाने वाटी उष्टी झाली. तिने मुद्दाम केलं. वाटी बाईंच्या बाजूला सरकवली आणि हात मागे घेऊन बसली. आता सोमवारसुद्धा कामाचा नव्हता. मला वाटत होतं उठावं, पोरीचा हात धरावा आणि पहिल्या एसटीने निघावं.

शिवकांताबाईंनी चमचा उचलला, आणि तो हातातच राहिला. मग त्या माझ्याकडे बघून बोलल्या, प्रज्ञाकडे नाही.

"ताई, तुमच्या मनात काय चाललंय ते दिसतंय मला. तुमाला वाटतंय ही उपासाचं सोंग करतीय. उपास खरा हाय. लगीन झाल्यापास्नं सोमवार धरते मी. पर आज सोमवारी भेटायचं, हे म्याच सांगितलं व्हतं. मला वाटलं, सोमवार आसला म्हंजी खायचा परसंगच येनार न्हाय. कुनाला वाईट बी वाटायचं न्हाय, आन् मला घरी जाऊन सांगता येईल, खाल्लं न्हाय म्हनून."

"कुणाला सांगायचं?"

"ह्येच्या बापाला." त्यांनी महेशकडे मान हलवली. "गिऱ्हाईक-बिऱ्हाईक काय न्हाय. ते म्हनले, तू जा, बघून ये, पर पानीसुदीक पिऊ नको."

"आई, बास कर," महेश पुटपुटला.

"तू गप. बाईमानसांचं चाललंय."

म्हणजे माझा अंदाज बरोबर होता. अंदाज बरोबर ठरल्यावर माणसाला बरं वाटतं, मला वाटलं नाही. पण एक गोष्ट खरी. त्या शाळेतल्या बाईंनी हे मला कधी सांगितलं असतं तर मी त्यांचे पाय धरले असते. माझ्या पन्नासाव्या वर्षी, निदान साठीला टेकताना तरी, कुणी एकाने तरी तोंडावर खरं सांगावं, एवढंच मला पाहिजे होतं. आणि हेही सांगते की मी थाळीचा हट्ट धरला आणि त्यांनी सोमवार धरला, हे दिसायला सारखं असेल, पण सारखं नाही. माझी भीती मला इतरांनी दिलेली होती. त्यांच्या घरात ती बनत होती.

मी वर्गात विचारायची तसं विचारलं. "मग लग्न झालं, पोरगी तुमच्या घरी आली, तर तिला ताट वेगळं देणार का?"

प्रज्ञाने माझ्याकडे वळून पाहिलं. हाच प्रश्न तिला विचारायचा होता आणि धीर होत नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

शिवकांताबाई विचार करून बोलल्या. "खोटं कशाला बोलू? सासूबाई हायत आजून. त्या देतील येगळं. हे बी काय बोलायचे न्हाईत. आन् म्या..." त्या थांबल्या. "म्या ह्या घरात इतकी वरसं कुनाच्या म्होरं बोलले न्हाय, ताई. मला भ्या वाटतं. तुमाला वाटतं तसंच."

"मग?"

"मंग काय. तिला येगळं ताट दिलं, तर त्या येगळ्या ताटात म्या बी बसन जेवाया, तिच्यासंगं. येवढं करीन. तेवढंच हाय माझ्या हातात."

महेशने मान वर केली. प्रज्ञाच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि मी? माझा विश्वास बसेना. बोलायला काय जातं, असंच मनात आलं. हॉटेलात बसून माणूस पुष्कळ बोलतो. चमचा अजून त्यांच्या हातात कोरडाच होता.

तेवढ्यात त्यांच्या पिशवीत फोन वाजला. महेशने डोकावून बघितलं आणि त्याचा रंग उडाला. "बाबा," तो म्हणाला.

वाजून वाजून बंद पडेल असं वाटलं. पण बाईंनी घेतला. पहिली एक-दोन वाक्यं कन्नडात झाली. नवरा-बायको घरात कन्नडच बोलतात हे उघड होतं. मग त्या मध्येच थांबल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि मराठीत बोलायला लागल्या. शब्द न् शब्द सावकाश, मला कळावा असा.

"व्हय, आलेत ती. ...व्हय, पोरगी बी हाय समोर. ...काय इचारता? खाल्लं का?" त्यांच्या बांगड्या वाजत होत्या. "आजून न्हाय. थांबा जरा. फोन ठिवू नगा."

फोन खांद्याने कानाशी दाबून धरला. चमचा वाटीत घातला, जिथे प्रज्ञाचा चमचा पडून साय तुटली होती तिथेच. भरून घेतला. अर्धी रबडी टेबलावर सांडली, उरलेली त्यांनी तोंडात घातली आणि डोळे मिटून गिळली.

"हां," त्या फोनवर म्हणाल्या. "आता खाल्लं. तिच्याच वाटीतलं. बाटायचं आसंल तर बाटले म्या. आता सांजच्याला मी घरी येते. दार उघडायचं का न्हाय, ते तुमी ठरवा."